भाड्याने देणे आहे, ओटा नाही

आम्ही विकत घेतलेल्या घरात स्वयंपाकघर नाही, हे आमच्या लक्षात यायला एकोणीस दिवस लागले. तेही आपणहून आलं नाही, जागा भाड्यानं बघायला आलेल्या एका बाईंनी दाखवून दिलं. हे ऐकलं की लोक आधी पोट धरून हसतात, मग जरा काळजीनं आमच्याकडे बघतात आणि विचारतात, "म्हणजे घर न बघताच घेतलंत की काय?" या प्रश्नाचा मला भयंकर राग येतो. घर आम्ही तीनदा बघितलं होतं. सरकारी तपासनीस बघणार नाही इतक्या बारकाईनं बघितलं होतं.

रीतसर सांगते. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. मी पडद्यांच्या दुकानात मापं घेते. लोकांच्या घरी जायचं, खिडक्यांची लांबी-रुंदी टिपून आणायची, आणि मालक "बाई, पाव इंच जरी चुकलं तरी कापड तुमच्या पगारातून" असं म्हणाला की मान डोलवायची. लग्नाला वर्ष झालं असेल-नसेल, तेव्हा एका सुट्टीच्या दुपारी नवऱ्यानं फोनवर एक व्हिडिओ लावला. एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस पोहण्याच्या तलावाकाठी बसून सांगत होता की तो झोपेतसुद्धा पैसे कमावतो. एक छोटी जागा घ्या, भाड्यानं द्या, भाड्यातून हप्ता फेडा, मग दुसरी घ्या, मग तिसरी, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी साहेबाच्या टेबलावर राजीनामा ठेवा. माझा नवरा जागेपणीसुद्धा फारसं कमावत नव्हता, त्यामुळे त्याला हे लगेच पटलं. मलाही पटलं, कारण मला आमच्या मालकाचं टेबल दिसलं.

मला श्रीमंत वगैरे व्हायचं नव्हतं. मला एक सोमवार हवा होता. सकाळी उठावं आणि आज काय करायचं हे कुणालाही विचारावं लागू नये, असा एक सोमवार. पुढे मंगळवार मिळाला तर उत्तमच. पण निदान सोमवार.

मग आमची काटकसर सुरू झाली, आणि ती भलतीच मनावर घेतली आम्ही. सिनेमा बंद, नवे कपडे बंद, पाहुण्यांनी दिलेला साबणसुद्धा अर्धा कापून वापरायचा. खर्चाच्या वहीत 'जेवणखाण' या रकान्यासमोर मी दर महिन्याला मोठ्या दिमाखात शून्य लिहायचे. कारण जेवण सासूबाईंकडून यायचं. त्या माझ्या मोठ्या दिरांकडे राहायच्या, आमच्यापासून चार बसथांबे पलीकडे. दीर, जाऊबाई, त्यांची तीन मुलं आणि त्या स्वतः, अशा सहा जणांचा स्वयंपाक त्याच करायच्या. सहांचं करायचंच आहे तर आठांचं काय जड, असं कधीतरी कुणीतरी म्हटलं. कोण म्हणालं ते आठवत नाही, पण सासूबाई नव्हत्या एवढं नक्की. तेव्हापासून नवरा कामावरून येताना तिथून दोन डबे आणायचा, एक रात्रीचा आणि एक दुसऱ्या दिवशीच्या दुपारचा. आमच्या भाड्याच्या खोलीत ओटा होता. त्यावर माझं शिलाई मशीन ठेवलं होतं.

पाच वर्षांनी हातात पुरेसे पैसे आले आणि आम्ही घरं बघायला निघालो. अकरा बघितली. नवरा प्रत्येक इमारतीत आधी लिफ्टच्या दाराला कान लावायचा. त्याचं म्हणणं असं, की लिफ्ट धड असेल तर लोक धड असतात. वर्गणी वेळेवर देतात, एकमेकांचं तोंड बघतात, उगाच कोर्टकचेऱ्या करत नाहीत. लिफ्ट खडखडली की तो मला जिन्यातूनच परत फिरवायचा. आणि मी? मी खिडक्या बघायचे. टेप पर्समध्ये असायचीच.

अकराव्या घरी दोघांनाही गहिवरून आलं. लिफ्ट अशी की सुरू झाली कधी आणि थांबली कधी ते कळू नये. नवरा विनाकारण चारदा वर-खाली करून आला. पाचव्या मजल्यावरच्या त्या जागेत चार खिडक्या, चारही सहा बाय चार, चारही काटकोनात. पाव इंचाचासुद्धा फरक नाही. मापं घेण्याच्या सात वर्षांत मी असं घर बघितलं नव्हतं. आणि हॉल तर केवढा! एजंट सारखा म्हणत होता, "मॅडम, हॉल बघा, हॉल! या किमतीत असा हॉल कुठं मिळतो?" मी हॉल बघितला. एवढा मोठा हॉल कशामुळे झाला असेल हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

विकणारे गृहस्थ कर सल्लागार होते. वीस वर्षं त्यांनी तिथे ऑफिस चालवलं होतं. माणूस अतिशय अगत्याचा. आम्ही गेलो की "बसा, चहा आणतो" म्हणून बाजूचं एक दार उघडून त्याच्याआड व्हायचे आणि ट्रेमध्ये तीन वाफाळते कप घेऊन यायचे. तिन्ही वेळा हेच. चहा आतून येतोय म्हटल्यावर आत स्वयंपाकघर असणारच. परक्या माणसाच्या स्वयंपाकघरात डोकावायचं कसं? मला तेवढी रीतभात आहे. कागदांवरच्या नकाशातही स्वयंपाकघर होतं, चांगलं ठळक अक्षरांत. आम्ही सह्या केल्या, किल्ल्या घेतल्या. घरात पहिल्यांदा शिरल्यावर मी खिडक्यांना पडदे लावले आणि नवऱ्यानं सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. ते बाजूचं दारसुद्धा त्यानं उघडून बघितलं. आत अंधार होता. "बल्ब गेलाय," म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

एकोणिसाव्या दिवशी एजंट पहिलं गिऱ्हाईक घेऊन आला. नवरा-बायको होते. बाईंनी पडदे चिमटीत धरून बघितले, हॉलमध्ये दोन चकरा मारल्या, बाथरूमचे नळ सोडून पाहिले आणि म्हणाल्या, "आणि स्वयंपाकघर?"

"हे काय, इकडे," म्हणत मी मालकिणीच्या थाटात ते दार उघडलं. आज फोनचा दिवा लावला होता. आत हातभर खोलीचं तीन फळ्यांचं कपाट, एक मोडकं स्टेपलर आणि फळीवर चहाच्या थर्मासनं पाडलेलं गोल डागाचं वर्तुळ.

"ताई, यात ओटा कुठंय?" बाईंनी विचारलं.

"बल्ब गेलाय," मी म्हणाले.

त्या दिवशी आमचं जे भांडण झालं ते लग्नापासूनच्या सगळ्या भांडणांचं आजोबा होतं.

"तुझ्या लक्षात आलं नाही?" नवरा म्हणाला.

"तुझ्या आलं?"

"अगं, पण बाई तू आहेस!"

"बाईच्या अंगात ओटा असतो का रे? जन्मताना घेऊन येतात?"

"मी लिफ्ट बघत होतो."

"लिफ्टमध्ये स्वयंपाक करायला सांगू का भाडेकरूला?"

एजंटला फोन लावला तर तोच आमच्यावर डाफरला. "सगळे आधी स्वयंपाकघर बघतात हो! तुम्ही त्याचं नावच काढलं नाहीत. मला वाटलं, तुम्हाला ऑफिसच पाहिजे." म्हणजे कर सल्लागारांनी भिंत पाडून स्वयंपाकघर हॉलला जोडलं होतं, आणि त्या हॉलच्या प्रेमात आम्ही पडलो होतो. मग प्लंबर आला. त्यानं फरशीवर ठोकून ठोकून सांगितलं की सांडपाण्याचा पाइप कायमचा बुजवलाय. इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, खालच्या घरात गळती होत होती म्हणून तसा ठरावच झालाय. तो पाइप पुन्हा उघडायचा नाही, ओटा बांधायचा नाही, गॅसची जोडणीही घ्यायची नाही. ठरावाची प्रतसुद्धा दिली. अक्षर सुंदर होतं.

आमच्याकडे तीन महिन्यांचे हप्ते बाजूला होते. त्यानंतर भाडं आलं नाही तर जागा विकावी लागणार, आणि अशी घाईनं विकली तर पाच वर्षांचं अर्धं पाण्यात जाणार. तोंडचं पाणी पळालं म्हणतात ना, ते मला त्या आठवड्यात समजलं. दुकानात मी पहिल्यांदाच एका खिडकीचं माप चुकवलं. मालकानं कापडाची किंमत पगारातून कापली आणि वर शहाणपणाचे चार शब्द फुकट दिले.

जाहिरातीत आम्ही प्रामाणिकपणे लिहिलं: 'स्वयंपाक न करणाऱ्यांना प्राधान्य.' जगात असे लोक पुष्कळ असतील असं आम्हाला वाटलं होतं. एक व्यायाम शिकवणारा तरुण आला. म्हणाला, मी स्वयंपाक करतच नाही, फक्त रोज दोन डझन अंडी उकडतो. एक ढोल वाजवणारा आला, त्याला खाण्यापिण्याचं काही नव्हतं, पण ढोल होता. एक आजी-आजोबा आले. आजोबांना जागा फार आवडली, पण आजींनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. दीड महिना असाच गेला.

मग प्लास्टिकच्या खुर्च्यांचा एक घाऊक व्यापारी आला. त्याला माल ठेवायला जागा हवी होती. कमिटीची हरकत नव्हती, भाडं आम्ही मागितलं त्याहून पाचवा हिस्सा जास्त द्यायला तो तयार होता. मला तर तो देवासारखा दिसला. नवऱ्याला मात्र नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"खुर्च्या लिफ्टनं जाणार ना?"

"मग? डोक्यावरून नेईल?"

"दिवसभर माल चढवला-उतरवला तर वर्षभरात तिची वाट लागेल गं." असं म्हणताना त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याच्या सख्ख्या बहिणीला घाऊक मालाबरोबर पाठवतंय. मी कपाळावर हात मारला आणि व्यापाऱ्याला चार दिवसांत कळवतो म्हणून सांगितलं.

घरच्यांपासून आम्ही हे सगळं लपवलं होतं. दिरांना कळलं असतं तर ते वर्षभर पुरवून पुरवून हसले असते. पण नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. डबे घ्यायला गेला असताना त्यानं आईला सांगून टाकलं. "आई, सगळं बघितलं गं, ओटा तेवढा बघायचा राहिला." सासूबाई हसल्या नाहीत. डब्याची झाकणं लावली आणि म्हणाल्या, "मला दाखव ती जागा."

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. तीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कामाचं तेवढंच बोलायचं आणि लाइन मोकळी करायची ही सवय घरीही राहिली. सहासष्ट वर्षांच्या आहेत, पेन्शन आहे, तब्येत खुटखुटीत आहे. मला त्यांनी कधी टोचून बोललेलं आठवत नाही. खरं सांगायचं तर फारसं बोललेलंच आठवत नाही, आमचं येणंजाणं सगळं डब्यांमधून चालायचं.

रविवारी आम्ही त्यांना घेऊन गेलो. लिफ्टमध्ये नवरा म्हणाला, "आई, आवाज येतोय का बघ." त्या म्हणाल्या, "नाही." तो खूश झाला. आत गेल्यावर मी उगाच पडदे सारखे करत राहिले, कारण मला लाज वाटत होती. त्या मात्र एकेक कोपरा शांतपणे बघत फिरत होत्या.

"ओटा नाही?"

"नाही, आई."

"हा नळ?"

"तो बाथरूमचा. बाकी कुठे नाही."

"गॅस?"

"परवानगीच नाही."

"पुढे कधी मिळेल?"

"नाही हो, कमिटीचा ठराव आहे."

"लेखी?"

"लेखी," मी म्हणाले आणि पर्समधली प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचली. मग तिची व्यवस्थित घडी घातली, खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. मी त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"भाडं किती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मी घेते."

नवऱ्याला वाटलं, थट्टाच चाललीये. "अगं आई, इथे स्वयंपाक कुठे करशील?"

"तेच तर म्हणते मी," सासूबाई म्हणाल्या.

मग त्या बोलल्या. पाच वर्षांत बोलल्या नसतील एवढं एका दमात बोलल्या. "एकविसाव्या वर्षी लग्न झालं तेव्हापासून उभी आहे. पहाटेची पाळी असली की करून गेले, रात्रीची असली की येऊन केलं. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसनं घड्याळ दिलं, भाषणं केली, आता विश्रांती घ्या म्हणाले. घरी आले तर तुझी जाऊ म्हणाली, बरं झालं आई, आता तुम्हाला पूर्ण वेळ मिळेल. कुणी वाईट नाही गं. कुणी कधी आवाज चढवून सांगितलं नाही. सगळे गोड बोलतात, आणि ओटा दिसला की मला त्याच्यासमोर उभं करतात. तुमच्याकडे राहायला आले तरी तेच होईल. मीच उभी राहीन, माझ्यानं बघवणार नाही. म्हणून जिथे ओटाच नाही अशी जागा हवी. अशी जागा असते हेच मला माहीत नव्हतं."

"पण जेवशील काय?" नवरा घाबरून म्हणाला.

"कोपऱ्यावर खाणावळ आहे. येतानाच फळा वाचला. एक दिवस ते, एक दिवस फळं, एक दिवस पाव-लोणी. आणि भूक नसली तर काहीच नाही. आपल्याला भूक नाही म्हणून स्वयंपाक नाही, असा दिवस मी अजून बघितलेला नाही."

त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं हे सांगायलाच हवं, नाहीतर ही सगळी गोष्ट खोटी होईल. माझ्या मनात आलं, मग आमच्या डब्याचं काय?

दुसरी गोष्ट मनात आली ती याहून बरी नव्हती. व्यापारी पाचवा हिस्सा जास्त देत होता. त्याच्या भाड्यावर मांडलेला हिशेब मी तोंडपाठ केला होता. त्याला जागा दिली तर माझा सोमवार पंचेचाळिसाव्या वर्षी, सासूबाईंना दिली तर सत्तेचाळिसाव्या. मी म्हणाले, "आई, आम्ही विचार करून सांगतो." गिऱ्हाइकाला सांगतात तसं. त्या "हो, करा," म्हणाल्या आणि ठरावाची प्रत मला परत दिली.

दोन दिवस मी विचार करत होते आणि नवरा माझ्याकडे बघत होता. जागा दोघांच्या नावावर आहे, पण वही माझी, म्हणून निर्णयही माझ्या गळ्यात. तिसऱ्या दिवशी त्याला कुठेतरी अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढायला जावं लागलं, म्हणून डबे आणायला मी गेले. पाच वर्षांत तिसऱ्यांदा असेन. दार उघडंच होतं. सासूबाई माझ्याकडे पाठ करून ओट्यापाशी होत्या. डाव्या पायावर भार टाकून उजवी टाच त्या डाव्या पोटरीवर घासत होत्या, मग पाय बदलत होत्या. पुन्हा पाय बदलत होत्या. ओट्यासमोर त्यांच्या पायांनी फरशीचा रंग दोन जागी उडवला होता. मला माहीत होतं की त्या सहासष्ट वर्षांच्या आहेत. पण त्यांना पाय आहेत हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. शेजारी आमचे दोन डबे भरून, पुसून, झाकणं लावून तयार होते.

दिमाखात लिहिलेलं ते शून्य मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. साठ महिने लिहिलं होतं. व्हिडिओतला माणूस झोपेत कमावतो म्हणतो, त्याच्यासाठी कोण जागं असतं ते त्यानं सांगितलं नव्हतं. मला इतकी शरम वाटली की मी दारातूनच म्हणाले, "आई, उद्या सही करायची? आणि भाडं नको. तुम्ही अशाच राहा."

त्या वळल्या. "भाडं न घेता ठेवशील तर मी पाहुणी. पाहुणीला लोक विचारतात, किती दिवस राहणार. मी भाडं देणार. मागितलंस तेवढंच, कमी नाही आणि जास्तही नाही. आणि करारात लिही, मालकांनी येण्याआधी फोन करायचा."

नेमके तेव्हाच दीर बाहेरच्या खोलीतून आत आले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "हे काय चाललंय? दोन-दोन मुलगे असताना आई भाड्याच्या घरात राहणार? लोक शेण घालतील आमच्या तोंडात!"

"घालतील तर घालू देत," सासूबाई म्हणाल्या. "तेवढा एक दिवस स्वयंपाक वाचेल."

मला हसू आवरेना. दीर माझ्यावर घसरले. "आणि तू, आईकडून भाडं घेणार? लाज नाही वाटत?"

"वाटते ना, भाऊजी," मी म्हणाले. "पण भाडं घ्यायची नाही वाटत. आजवर डबे घेतले त्याची वाटते."

ते काहीतरी बोलणार होते, पण जाऊबाई मध्ये पडल्या. त्या दवाखान्यात दिवसभर रिसेप्शनवर बसतात, थकून आलेल्या होत्या. त्या माझ्या बाजूनं बोलतील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं, आणि तशा त्या बोलल्याही नाहीत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मग उद्यापासून इथे कोण करणार?" आणि आपल्या नवऱ्याकडे टक लावून बघत राहिल्या. दिरांनी आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग गॅसकडे. भाऊजींचा आवाज जो त्या दिवशी खाली आला तो अजून पूर्ण वर गेलेला नाही.

व्यापाऱ्याला मी नाही म्हणून कळवलं. त्याला माझं डोकं फिरलंय असं वाटलं. नवऱ्यानं मात्र आनंदानं लिफ्टच्या दारालाही तेल दिलं, आता तिच्यातून त्याची आई जाणार-येणार होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! सासूबाई एक पलंग, एक आरामखुर्ची आणि रेडिओ घेऊन राहायला आल्या. एक तारखेला त्यांनी पाकिटात घालून भाडं दिलं, पावती मागितली, आणि मी पावती लिहीत असताना खिडकीबाहेर बघत बसल्या. निघताना मी विचारलं, "आई, रविवारी आमच्याकडे जेवायला याल?"

"कोण करणार?"

"मी. म्हणजे आम्ही."

"येते," त्या म्हणाल्या.

शिलाई मशीन ओट्यावरून खाली उतरवायला दोघं लागलो. खाली पाच वर्षांची धूळ आणि तीन हरवलेली बॉबिनं सापडली. सकाळी आठला सुरुवात केली. नवरा शेगडीशी लिफ्टसारखाच वागत होता, आधी आवाज ऐकायचा, मग स्क्रू आवळायचा. बटाटे मी टेप लावून कापले असं तो सांगतो, ते खोटं आहे, नुसत्या नजरेनं कापले. एकदा भात करपला, तो टाकला, पुन्हा केला. साडेबाराला बेल वाजली तेव्हा माझ्या केसांत कांद्याचं साल होतं.

सासूबाई इस्त्रीचे कपडे घालून, हातात पर्स घेऊन आल्या होत्या. मला वाटलं, सवयीनं सरळ आत येतील, झाकण उचलून बघतील. त्या खुर्चीत बसल्या. आतून भांडं पडल्याचा मोठा आवाज आला, नवरा ओरडला, तरी त्या हलल्या नाहीत. पर्स मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मी ताट वाढून समोर ठेवलं. भात, बटाट्याची भाजी, बाजूला कापलेला टोमॅटो. आम्ही दोघं समोर उभे, दहावीचा निकाल बघायला उभं राहावं तसे.

त्यांनी पहिला घास घेतला. सावकाश चावला, गिळला. पाणी प्यायल्या.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरत गेलं, लबाड आणि अगदी लहान मुलीसारखं. त्यांनी खुर्चीत मागे टेकून, दोन्ही पाय लांब सोडून ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्यानं.

"मीठ कमी आहे गं! पंचेचाळीस वर्षं ऐकत आले. म्हणायला इतकं छान वाटतं होय?"

त्या काही मीठ आणायला उठणार नव्हत्या, म्हणून मीच आत जाऊन मीठ आणलं.